अप्पर-डिप्पर

दिवाळी अंकाचे पत्र आले की मी दरवर्षी एकच विषय मनाशी ठरवतो, आणि दरवर्षी तो लिहीत नाही. विषय आहे 'मराठी संतवाङ्मयातील दीप'. टाचणे तयार आहेत, त्यांची फाईलही आहे, आणि तिच्यावरची धूळ आता चांगली बोटभर झाली आहे. यंदा मात्र मी खरोखरच टेबलाशी बसलो होतो. कोरा कागद पुढे ओढला होता. तेवढ्यात सौभाग्यवतींनी मागून डोकावून पाहिले आणि त्या म्हणाल्या,

"दिव्यांवर लिहिताय ना? मग आपल्या गाडीच्या दिव्यांवर लिहा की! संतांच्या दिव्यामुळे कुणी गटारात पडल्याचं ऐकलं नाही मी."

हे बोलणे मला लागले. ते लागावे अशाच बेताने बोलले गेले होते, कारण त्या रात्री मोटारीत त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. तेव्हा फाईल पुन्हा कपाटात गेली आहे आणि जे घडले ते सांगतो.

आमची मोटार २०१२ सालची. मध्यमवर्गीय माणसाची असावी तशी आहे. म्हणजे पुढच्या बाजूने बरी दिसते आणि मागच्या बाजूने तिच्याकडे कुणी पाहत नाही. पुण्यात ती कॉलेज आणि भाजी यांच्यामध्ये फिरते. वर्षातून दोनदा तिला खरा प्रवास घडतो, तो चिपळूणला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. सातारा मागे टाकायचा, उंब्रजला हमरस्ता सोडायचा, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. दिवसा हा रस्ता इतका देखणा आहे की माणसाला कविता सुचावी. रात्री तो नुसता रस्ता उरतो, आणि तोही दिसला तर.

तो दिसेनासा होऊ लागला होता, हीच तर तक्रार. २०२२ च्या दिवाळीत परत येताना मला पहिल्यांदा वाटले की आपल्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी दिव्यापाशीच घुटमळतो आहे. पिवळट, मरतुकडा उजेड. समोरून येणाऱ्या नव्या गाड्या पांढऱ्या झोताने आसमंत उजळीत येत आणि आम्ही मात्र कंदील घेऊन निघालेल्या वाटसरूसारखे चाललेलो. मला वाटले, बल्ब बदलावेत. एवढ्या साध्या विचारातून पुढचे सगळे रामायण झाले.

नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. त्यांतल्या एकात शिरलो. गल्ल्यावरच्या मुलाने गाडी पाहिली, मला पाहिले, आणि त्याला दोघांचीही दया आली असावी.

"सर, हॅलोजन कशाला घेताय? एलईडी टाका. सहा हजार के."

"सहा हजार रुपये?"

"रुपये नाही सर, के. सहा हजार के. एकदम डायमंड व्हाइट."

आता, मी मराठीचा अध्यापक. 'के' म्हटल्यावर माझ्या डोक्यात हिंदीतला षष्ठीचा प्रत्यय येतो. का, की, के. मी भीतभीत विचारले, "के म्हणजे नक्की काय?"

मुलगा क्षणभर थांबला. मग तो आत्मविश्वासाने म्हणाला, "के म्हणजे पॉवर, सर. जितके के जास्त, तितका उजेड जास्त. तुमचे जुने बत्तीसशे के. आता बघा, डबल!"

वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने एवढ्या ठामपणे चुकीचे उत्तर दिले असते तर मी त्याला तिथेच अडवला असता. पण गिऱ्हाईक झालेला शिक्षक हा विद्यार्थ्याहूनही आज्ञाधारक असतो. मी अडीच हजार रुपये मोजले. वीस मिनिटांत जुने बल्ब निघाले, नवे बसले.

त्या संध्याकाळचा आनंद मी लपवीत नाही. सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना समोरची भिंत अशी उजळली की तिच्यावरच्या जुन्या निवडणुकीच्या घोषणा वाचता याव्यात. वॉचमनने झटकन हात कपाळाशी नेला. मला तो सलाम वाटला. तो डोळ्यांवर धरलेला हात होता, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी समजले.

२०२३ चे गौरी-गणपती आम्ही चिपळूणला केले. परतायला उशीर झाला. बहिणीकडून वेळेवर निघणे हे कोणत्याही भावाला आजवर जमलेले नाही. घाट चढून कोयनानगर ओलांडले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. मागच्या आसनावर वडील आणि मुलगी, डिकीत नारळाचे पोते, तांदूळ आणि बहिणीने दिलेल्या असंख्य बरण्या.

गंमत अशी की एवढे पांढरे दिवे लावूनही ओला रस्ता मला दिसत नव्हता. झाडांचे शेंडे दिसत होते. पावसाचे थेंब तर एकेक मोजून घ्यावेत असे चमकत होते. फक्त डांबर तेवढे काळेठिक्कर. पाटणच्या अलीकडे एका वळणावर समोरून एक मोटारसायकल आली. तिचा दिवा क्षीण होता. मी नियमाने डिप्पर दिला होता, हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला तेवढेच एक वाक्य ऐकवीत होतो. मोटारसायकल आमच्या गाडीपर्यंत आलीच नाही. ती सरळ जाता जाता कडेला वळली, साइडपट्टीवरून घसरली आणि दिसेनाशी झाली.

मी गाडी थांबवून धावलो. गटार फार खोल नव्हते, कमरेएवढे असेल. आत पाणी आणि गवत. तिशीचा एक माणूस, त्याची बायको आणि चार-पाच वर्षांचे मूल. माणसाचा कोपर सोलवटला होता. बाईच्या पायाला लागले होते, पण ती उभी होती. मूल रडत होते, आणि त्या क्षणी त्या रडण्याइतका गोड आवाज मी दुसरा ऐकला नसेल.

मी तयारीत होतो. आता हा माणूस मला चार शिव्या देईल, कदाचित अंगावर येईल. आणि मी सांगेन की मी डिप्परवर होतो. त्याने शिव्या दिल्या नाहीत. तो मोटारसायकल ओढता ओढता म्हणाला,

"काय दिसलंच न्हाय, सायेब. डोळ्याम्होरं निस्ता पांढरा पडदाच आला."

त्याची बायको रस्त्यावर चढून आली होती. ती मुलाच्या तोंडापुढे पदर धरून उभी होती. मला वाटले, ती त्याचे डोळे पुसते आहे. म्हणून मी रुमाल पुढे केला. तिने मान हलवली आणि नुसते आमच्या गाडीकडे बोट केले.

मी दिवे चालूच ठेवून उतरलो होतो. ती मुलाला उजेडापासून झाकीत होती.

सौभाग्यवतींनी आतून दिवे बंद केले. मग अंधारात आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसू लागले.

मोटारसायकलचा दिवा फुटला होता. त्या गृहस्थांना घरापर्यंत सोडतो म्हणालो तर ते नको म्हणाले. गाव समोरच होते. मोटारसायकल ढकलीत ते निघाले तेव्हा सौभाग्यवती बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर पहिल्या घरापर्यंत चालत गेल्या. दिव्याच्या काचेचे पैसे घ्यायलाही तो माणूस तयार नव्हता. शेवटी त्याच्या बायकोनेच ते घेतले, आणि मला तिचे आभार मानावेसे वाटले. पुण्यापर्यंतच्या प्रवासात कुणी बोलले नाही. वडिलांनी एकदाच विचारले, "डिप्पर होता ना रे?" मी म्हटले, "होता, नाना." त्यावर त्यांनी 'हं' केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौभाग्यवतींनी मला खाली नेले. गाडीपासून पंचवीस पावलांवर उभे केले. म्हणाल्या, "जरा वाका. मोटारसायकलवर बसलेला माणूस असतो तेवढे." मी वाकलो. त्यांनी दिवे लावले. डिप्परच.

वाचकहो, ज्यांच्याकडे मोटार आहे त्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा करावा. आपण आयुष्यभर आपल्या दिव्यांच्या मागे बसतो. पुढे कधी उभे राहत नाही. मला मोटार दिसली नाही, भिंत दिसली नाही, सौभाग्यवतीही दिसल्या नाहीत. दिवे बंद झाल्यावरही बराच वेळ दोन हिरवी-जांभळी वर्तुळे मी जिकडे पाहीन तिकडे तरंगत राहिली.

त्यानंतर मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना शरण गेलो. स्टाफरूममध्ये आम्ही पंधरा वर्षे शेजारी बसतो, पण त्यांच्या विषयातले काही त्यांना विचारण्याची ही पहिलीच वेळ. ते आनंदले. 'के'चा अर्थ ऐकून तर ते खुर्चीतल्या खुर्चीत हसले.

"अहो सर, के म्हणजे केल्विन! लॉर्ड केल्विनच्या नावाचं तापमानाचं माप. लोहाराच्या भट्टीत लोखंड घाला. आधी ते लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढुरकं. पदार्थ जितका तापेल तितका उजेडाचा रंग लालाकडून निळ्याकडे सरकतो. समईची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, हॅलोजन बल्ब ३२००, दुपारचं ऊन साडेपाच हजार. हा रंगाचा आकडा झाला. उजेड किती, ते के सांगत नाही. त्यासाठी लुमेन वेगळे."

म्हणजे हा प्रकार वृत्तासारखा झाला. कविता शार्दूलविक्रीडितात आहे एवढे सांगितल्याने तिच्यात काव्य किती, हे काही कळत नाही. आणि आणखी एक मजा पाहा. ज्याचे केल्विन जास्त, म्हणजे जो उजेड अधिक तापलेल्या पदार्थाचा, त्याला बाजारात 'थंड पांढरा' म्हणतात. आणि बिचाऱ्या कमी तापमानाच्या समईच्या उजेडाला 'उबदार' म्हणतात. पदार्थविज्ञान एकीकडे आणि माणसाचे मन दुसरीकडे. या भांडणात मी अर्थातच मनाच्या बाजूचा आहे. आमचे कवी उगाच चंद्रप्रकाशाला शीतल म्हणत नाहीत.

माझ्या एलईडीचे रहस्यही त्यांनी सांगितले. एलईडीत काहीच तापून पांढरे होत नाही. मूळ दिवा निळा असतो. त्याच्यावर पिवळा लेप देतात, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. हा निळा दिवा बनवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध उत्तमच आहे. पण त्या उजेडात निळ्याचा भाग मोठा असतो, आणि उजेड तेवढाच असला तरी निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना अधिक बोचतो.

"तरी मी डिप्पर दिला होता," मी माझे वाक्य म्हटलेच.

तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढले आणि माझ्याच हजेरीपटाच्या मागे चित्र काढले. आमच्या गाडीच्या बल्बला एच-फोर म्हणतात. हा १९७१ पासून चालत आलेला प्रकार. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. वर, समोरच्याच्या डोळ्यांत, जात नाही. तार केसासारखी बारीक, आणि आरशाचा सगळा आकार ती तार नेमकी कुठे आहे यावर बेतलेला. माझ्या एलईडीत तारेच्या जागी दोन बाजूंना दोन चपटे तुकडे होते. आरशाला हे कुणी सांगितलेले नव्हते. त्याने उजेड वाट्टेल तिकडे फेकला. म्हणजे मी बटण डिप्परचे दाबले होते, पण डिप्पर असे त्या दिव्यात काही उरलेच नव्हते. कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिचा आरसा किंवा भिंग त्याच दिव्यासाठी घडवलेले असते.

आणि तो काळा रस्ता? ओले डांबर आरशासारखे वागते. उजेड पुढे ढकलून देते, आपल्याकडे परत पाठवीत नाही. समोरच्याला मात्र तो दुप्पट मिळतो. पाऊस आणि धुके उलट करतात, उजेड आपल्याच डोळ्यांत परत आणून टाकतात. पिवळा दिवा धुक्याला भेदून जातो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्राध्यापकांच्या मते धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा काय, निळा काय, त्यांना सगळे सारखे. पिवळ्याचा खरा गुण एवढाच की तो डोळ्यांना कमी टोचतो. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळेच दिवे लावायचा कायदा होता म्हणे. काचेच्या पिवळेपणात थोडा उजेड वाया जाई, पण फ्रेंच माणसांनी अर्धशतकाहून अधिक काळ तो सोसला.

आता प्रश्न उरला, आमच्या जुन्या दिव्यांचा उजेड मुळात मेला कशाने? त्याचे उत्तर नानांनी दिले, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. त्याच महिन्यात त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर ते दोन दिवस एकच खेळ खेळत होते. आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा आणि स्वतःच्या धोतराकडे पाहायचे. "या डोळ्याने पांढरं दिसतं रे, निळीत घातल्यासारखं. आणि या डोळ्याने पिवळं. इतकी वर्षं मी पिवळं धोतर नेसत होतो की काय!"

मी खाली जाऊन मोटारीसमोर उभा राहिलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. हल्ली दिव्यांवर काच नसते, पॉलिकार्बोनेटचे आवरण असते. अकरा वर्षांच्या उन्हाने ते पिवळे आणि धुरकट झाले होते. त्याच्या आड सूर्य बसवला असता तरी बाहेर संध्याकाळच पडली असती.

मग ओळखीच्या एका मिस्त्रींनी ते सारे ताळ्यावर आणले. आवरणावर आधी हजार नंबरचा, मग दोन हजारांचा पॉलिश पेपर पाण्याबरोबर घासला, मग पॉलिश. वायरचे गंजलेले अर्थिंग साफ केले. बल्बपर्यंत पोचणारा विजेचा दाब दहा टक्के कमी झाला तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो, हे मला तेव्हा समजले. म्हणजे गंजाचा एक ठिपका माझा तिसरा हिस्सा उजेड खात होता. आणि बल्ब? साधे, बिनरंगी, ६०/५५ वॅटचे हॅलोजन, जोडीने नवे. डिप्परला साधारण १००० लुमेन, अप्परला १६५०. निळ्या काचेचे हॅलोजनही मिळतात. पण काच निळी करायची म्हणजे पिवळा उजेड आतच अडवायचा. दिसायला पांढरे, रस्त्यावर कमी. १००/९० वॅटचेही मिळतात. त्यांनी होल्डर वितळतो आणि समोरचा माणूस पुन्हा गटारात जातो. 'अमुक टक्के अधिक' असे खोक्यावर छापलेले जे असतात ते उजेड रस्त्याच्या एका भागावर गोळा करतात, आणि त्याची किंमत म्हणून लवकर मरतात. मिस्त्रींनी बल्ब बसवताना कागदात धरला. हॅलोजनच्या काचेला बोटाचे तेल लागले की तिथे ती तापून खराब होते.

शेवटी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली आणली. मग मिस्त्रींनी स्टिअरिंगजवळच्या एका छोट्या चाकाकडे बोट केले. त्यावर ०, १, २, ३ असे आकडे. "हे कधी फिरवलंय का, सर?"

अकरा वर्षांत मी ते चाक फिरवले नव्हते. ते घड्याळाचे असावे अशी माझी समजूत होती. मागे ओझे भरले की गाडीचे नाक वर होते आणि दिवेही आकाशाकडे पाहू लागतात. ते खाली आणायला हे चाक. त्या रात्री डिकीत नारळाचे पोते होते, तांदूळ होते, बरण्या होत्या आणि चाक शून्यावर होते.

नव्या दिव्यांचा, म्हणजे जुन्याच जातीच्या दिव्यांचा, उजेड थोडा पिवळसर आहे. सोसायटीची भिंत आता उजळत नाही. पण रस्ता दिसतो. डिप्परवर चाळीस-पन्नास मीटर दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला जवळजवळ तेवढेच अंतर घेते. म्हणून पावसात मी चाळिसाच्या पुढे जात नाही. मागच्या गाड्या हॉर्न देतात. ट्रकच्या पाठीवरची अक्षरे वाचण्याचा मला जुना छंद आहे. 'हॉर्न ओके प्लीज' याचा अर्थ लावता लावता पंचवीस वर्षे गेली. त्याच्याच खाली रात्री डिप्पर वापरण्याची जी विनंती लिहिलेली असते, ती मात्र मी आजवर शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठीच वाचत आलो होतो.

एलईडीची जोडी परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. "सर, चालू आहेत की!" हे त्याचे म्हणणे खरेच होते. कुणी घेऊन जावी तर पुन्हा कुणाच्या तरी डोळ्यांत जाईल, म्हणून ती खोक्यासकट टेबलाच्या खणात पडून आहे.

भाऊबीजेला चिपळूणला जायचे आहे. जाताना फराळाचे डबे, येताना पुन्हा नारळ. पाटणच्या अलीकडे त्या वळणाजवळच्या गावात थांबून एक डबा द्यायचा, असे सौभाग्यवतींनी ठरवले आहे. पहिल्या घरात चौकशी केली की पत्ता लागेल, असे त्या म्हणतात. मी त्यांना म्हटले, आपल्याला ओळखतील का ते? अंधारात तर भेटलो होतो. त्या डबा बांधता बांधता म्हणाल्या, "गाडी ओळखतील. म्हणून दिवसा जाऊ."

चाक मी आताच दोनवर करून ठेवले आहे.